तीस फेब्रुवारीची तपासणी

मेव्हणीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची कार्डं आणि कॉम्प्युटर मी सांभाळतो. दर सहा महिन्यांनी पेशंटना तपासणीची आठवण जावी म्हणून डिसेंबरात मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. करून पाहायला कोणाचं तरी कार्ड हवं होतं. मी बायकोचं घेतलं. ती जाऊन सव्वातीन वर्षं झाली होती. शेवटची तपासणी तीस ऑगस्टची. वर्ष तेवढं बदललं आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं : पुढची तपासणी, ३० फेब्रुवारी.

चूक माझीच होती. महिन्यात सहा मिळवले होते, पण तो महिना किती दिवसांचा हे पाहिलंच नव्हतं. दोन ओळी वाढवल्या. बाकी सगळ्यांच्या तारखा सुतासारख्या सरळ झाल्या. तिची हलेना.

मेव्हणीने ते कार्ड काढून टाकायला सांगितलं, उगाच जिवाला घोर म्हणाली. मी हो म्हणालो आणि काढलं नाही. खरं सांगायचं तर, तिच्या नावापुढे पुढची तारीख पाहून बरं वाटायचं. जेवणाच्या सुट्टीत मी रोज ते कार्ड उघडून बसायचो.

अठ्ठावीस फेब्रुवारीला संध्याकाळी कुलूप मी लावलं. एक मार्चला सकाळी नऊला मीच उघडलं.

तपासणीच्या खोलीत दिवा चालू होता. खुर्ची अगदी वर चढवलेली होती. साबणाचा मंद वास येत होता. असा साबण आम्ही दवाखान्यात ठेवत नाही.

मी कार्ड उघडलं. तीस फेब्रुवारीपुढे लिहिलं होतं : आली. दोन्ही डोळे, वजा अडीच.

तिचा नंबर वजा दोन होता.

मेव्हणी आली. तिने पडद्यावरची नोंद वाचली.

"हे तू लिहिलंस?"

"नाही."

"नंबर बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "आज असती, तर एवढाच असता."

मी कार्डावर आणखी खाली गेलो. 'सोबत कोण' या रकान्यात होतं : मुलगी, वय सव्वातीन.

बायको गेली तेव्हा तिला सातवा महिना होता.



शेवटी शेऱ्याची एक ओळ होती. मुलीची नजर उत्तम. निघायला तयार नव्हती. म्हणत होती, बाबा नऊला कुलूप उघडतात.