विळ्याच्या आकाराच्या पेशी

खरं वाटो न वाटो. मी तिथं होते, म्हणून सांगते.

पांढरकवड्याजवळच्या आमच्या शाळेत मी खिचडी शिजवते. गोष्ट यंदाच्या जानेवारीतली. रात्र नव्हती, लख्ख दुपार होती. तोवर मला वाटायचं, भुतं निदान दिवसा तरी लाजतात.

सातवीतली बबिता रोज माझ्या चुलीशी गुडघे शेकत बसायची.

"मावशी, पाय लय दुखून राह्यले."

"गणिताच्या तासालेच बरे दुखते तुये पाय," मी म्हणायची. ती हसायची.

जुलैत तिच्या रक्ततपासणीचा कागद शाळेत आला. त्याच दिवशी विज्ञान शिकवायचे टॅबही आले. चारुदत्त सरांनी दोन्ही माझ्याकडे दिलं.

"कपाटात ठेवा. उद्घाटनाला साहेब येईपर्यंत टॅबला हात नको कोणाचा."

मी ठेवलं. कागद टॅबच्या खोक्याच्या तळाशी, नीट. वाचला नाही.

ऑक्टोबरात बबिता गेली. ताप म्हणाले.

जानेवारीत साहेब आले, तेव्हा कुलूप निघालं. टॅबच्या कंपनीतल्या अनिमेषनं दाखवलं... बेंचवर चित्राचं कार्ड ठेवायचं, वर टॅब धरायचा. पडद्यावर हृदय धडधडतं, रक्ताच्या पेशी तरंगतात. गोल, लाल. पोरं हरखली. मीही, दारातून.

मग बबिताच्या वर्गातली मिताली थांबली. तिचा टॅब तिसऱ्या बेंचकडे होता...

रिकामा बेंच. बबिताचा.

तिथं कार्ड नव्हतंच.

तरी पेशी होत्या... विळ्यासारख्या वाकड्या. बेंचखाली, गुडघ्यांच्या उंचीवर... एकीत एक अडकून थांबलेल्या.

धडधडीचा आवाज बंद झाला होता.

"वा, सिकलसेलपण दाखवता?" साहेबांनी फोटो काढला.

अनिमेषचा चेहरा उतरला. "सर, हे आम्ही यात टाकलेलंच नाही."

मी खोकं उपडं केलं. कागदावर बबिताचं नाव. खाली तोच शब्द, सिकलसेल. 'ताबडतोब दवाखान्यात न्यावे.' कोपऱ्यावर माझ्या बोटांची हळद.

चारुदत्त सर हळूच म्हणाले, "आता राहू द्या. आत ठेवा परत."

मी चुलीकडे आले. मिताली मागून आली, टॅब हातातच. तिनं तो चुलीच्या दिशेनं धरला... आणि सावकाश खाली घेतला.

"मावशी, चुलीपाशी कोन बसलं हाय?"

मी तिकडं पाहिलं नाही. एक लाकूड आत सारलं.

गेल्या महिन्यात शाळेला गॅस मिळाला. खिचडी आता त्याच्यावर होते.

चूल मात्र मी रोज पेटवते.