भैरवगडची उत्तर दिंडी

ठाण्यातला फोन सोमवारी पावणेअकराला वाजला.

"गोरखीतून बोलतेय. विमल. आमचे सर पडलेत, डोक्यातून रक्त येतंय. जल्दी या ना कोणीतरी!"

इन्स्पेक्टर दुर्गा दहा मिनिटांत पोचली. ग्वाल्हेरात गोरखी वाड्याच्या मागची गल्ली, दुकानावरची एक खोली. लक्ष्मीकांतमास्तर टेबलाशी पालथे पडले होते. टेबलाच्या लोखंडी कोपऱ्याला रक्त आणि दोन-चार पांढरे केस. श्वास चालू होता, एवढंच.

टेबलावरचा कॉम्प्युटरचा पडदा फुटला होता. काचांत पितळी तांब्या पडला होता. मास्तरांचं उपरणं जमिनीवर. टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा होता. त्याला साधा ओरखडा नव्हता. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

दुर्गानं त्या दिव्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मास्तरांना इस्पितळात हलवलं. डॉक्टर म्हणाले, अठ्ठेचाळीस तास काही सांगता येत नाही.

दार फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोन. एक मास्तरांच्या खिशात, दुसरी विमलकडे. ठाण्याला तेवढं पुरलं. त्यात शनिवारी दोघांचं भांडण सगळ्या गल्लीनं ऐकलेलं.

ऑक्टोबर दोन हजारचा शेवटचा आठवडा होता. बुधवारी, एक तारखेला, मध्य प्रदेशचे दोन तुकडे होणार होते. कचेऱ्याकचेऱ्यांत याद्या लागल्या होत्या. कोण इथं राहणार, कोण छत्तीसगडला जाणार. विमल सरकारी कारकून. तिचं नाव रायपूरच्या यादीत होतं.

"पोरगीला अटक दाखवा," साहेब म्हणाले. "एक तारखेला बंदोबस्तात मरायचंय आपल्याला. त्याआधी ही फाईल बंद करा."

गरीब माणूस हाताशी असला की मोठ्यांच्या दारात जायचे कष्ट कोण घेतो?

"सर, अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिली की नोकरीतून निलंबित होईल ती. मास्तर गेले तर खुनाचा आरोप."

"मग?"

"मला परवापर्यंत वेळ द्या. अटक दाखवू नका. ठाण्यात बसवून ठेवते."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "परवा सकाळी नऊ. नंतर मी सही करतो."

---

विमल अठ्ठावीस वर्षांची. राहायला बिडलानगरात. वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाली. तिच्या समोरचा चहा तसाच पडून होता.

"शनिवारी कशावरून भांडलात?"

"सरांचा एक जुना विद्यार्थी मंत्रालयात आहे. म्हटलं, एक चिठ्ठी लिहा, माझं रायपूर रद्द होईल. तर म्हणाले, मी आयुष्यात कोणाला चिठ्ठी लिहिली नाही. मी पण सुनावलं. आठ वर्षं तुमच्यासाठी फुकट राबले म्हणून."

"आज सकाळी?"

"पावणेनऊला आले, सरांना चहा दिला, निघाले. बदलीवर हरकतीचा अर्ज द्यायला लाईनमध्ये उभी होते. परत आले तर..." तिनं ओढणी तोंडाशी धरली.

"लाईनमध्ये कोणी पाहिलं?"

"चारशे लोक होते, मॅडम. चारशे लोकांत कोण कोणाला पाहतं?"

"आठ वर्षं कशासाठी राबलीस?"

"'यादवी'साठी. कॉम्प्युटरवरचा युद्धखेळ. नियम सरांचे, प्रोग्रॅम माझा. महादजींच्या मागे शिंद्यांच्या घरातच लढाई पेटली होती ना, दौलतराव एकीकडे आणि विधवा बाया दुसरीकडे. ती. किल्ले आणि किल्लेदार बहुतेक आम्ही बनवलेले."

"पोरांचा गेम?"

विमल पहिल्यांदा चिडली. "पोरांच्या गेममध्ये निळे इकडे, लाल तिकडे. गोळी घातली की मेला. यादवीत असं नसतं. एकच झेंडा, एकच भाषा, एक भाऊ इकडे, दुसरा तिकडे. समोरून येणारं पथक आपलं का त्यांचं, ते जवळ आल्याशिवाय कळत नाही. म्हणून सरांनी प्रत्येक किल्लेदाराला चार आकडे दिले. निष्ठा, शिधा, सोयरीक, भीती. तुम्ही हुकूम सोडला म्हणून तो ऐकेलच असं नाही. तो आधी कोठारात बघतो, दाणा किती उरलाय. गावंसुद्धा लढाई जिंकणाऱ्याकडे जात नाहीत. ज्यानं त्यांचं धान्य उचललं नाही, त्याच्याकडे जातात."

"आणि खेळणाऱ्याला हे सगळं दिसतं?"

"नाही! त्याला त्याच्या जासुदानं आणलेलंच दिसतं. ते पण पंधरा दिवस शिळं. सगळा नकाशा फक्त सरांच्या पडद्यावर. म्हणून ते त्यावर उपरणं टाकून ठेवायचे."

"खेळायचं कोण?"

"दोघंच. जयसिंहराव दौलतरावांकडून, पांडुरंगराव बायांकडून. दर शनिवारी दोघं आपापल्या चिठ्ठीवर हुकूम लिहून पत्र्याच्या पेटीत टाकतात. सोमवारी नऊला सर ते मशीनला देतात. आज चाळिसावा डाव होता. परवा मुरारच्या छावणीत फौजी अफसरांना दाखवायचा होता."

"आणि आता सगळं गेलं."

"गेलं कुठे? पडदा फुटलाय, मॅडम. खेळ खालच्या डब्यात असतो. टीव्ही फुटला म्हणून काय दूरदर्शन बंद पडतं?"

दुर्गा हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू.

"चहा पी," ती म्हणाली. "थंड झाला असेल, तरी पी."

---

पांडुरंगराव निवृत्त वकील. दरबारी भिक्षुकांचं घराणं. दार अर्धंच उघडलं.

"आज सकाळी कुठे होतात, काका?"

"देवळात. अकरापर्यंत."

"कोणत्या?"

"आता देवळांची चौकशी पण पोलीस करणार काय?"

"मास्तरांशी काही वाद?"

"मी बायांकडून खेळतो. हरत होतो. हरणारा माणूस वाद घालतो, पण डोकं फोडत नाही."

दुर्गा देवळात गेली. पुजाऱ्यानं कानाला हात लावले. वकीलसाहेब महिनाभरात फिरकले नव्हते.

जयसिंहराव मोठ्या दिवाणखान्यात बसले होते. भिंतीवर दोन तलवारी आणि एका मिशाळ पुरुषाचं तैलचित्र. गडी त्यांना 'राजे' म्हणत होता. ग्वाल्हेरचं राज्य जाऊन बावन्न वर्षं झाली. काही घरांना अजून कोणी कळवलेलं नाही.

"बस, पोरी. हे चित्रातले आमचे पूर्वज, संभाजीराव. भैरवगडचे किल्लेदार. दारात उभे राहून छातीवर वार घेतला. बुधवारी चौकाला त्यांचं नाव देतायत. नव्या राज्याच्या दिवशी, जुना माणूस."

"मास्तरांच्या खेळातही भैरवगड आहे ना?"

"आहे. मीच सांगितलं, घाला म्हणून."

"आज सकाळी?"

"पूजा. अकरा वाजेपर्यंत. मी पूजेतून उठत नाही. लक्ष्मीकांत कसा आहे?"

"शुद्ध नाही."

"अरेरे. आणि ते यंत्र?"

"मोडलं," दुर्गा म्हणाली. "चाळिसावा डाव पुसला गेला. पण एकोणचाळिसाव्यापर्यंतचं मास्तरांनी वेगळं जपून ठेवलं होतं. मुरारचे अफसर परवा येणारच आहेत. तर तुम्ही आणि पांडुरंगरावांनी उद्या येऊन चाळिसाव्या डावाचे हुकूम पुन्हा लिहून द्या. मास्तरांची इच्छा म्हणून."

जयसिंहराव तैलचित्राकडे बघत होते.

"म्हणजे तो डाव नव्यानं होणार?"

"नव्यानं."

"येतो," ते म्हणाले.

---

मंगळवारी दुर्गाबरोबर खोलीवर येऊन विमलनं डब्याला शेजारच्या दुकानातला पडदा जोडला. खेळ सुरू झाला. मरण नव्हतं आलेलं त्याला. दुर्गानं तिच्याकडून दोन-तीन गोष्टी उघडून घेतल्या, वहीत टिपल्या, पडद्यावर उपरणं टाकलं.

दोघंही वेगवेगळ्या वेळी आले. प्रत्येकाला त्याचाच एकोणचाळिसाव्या डावाचा नकाशा दाखवला, जसा शनिवारी पाहिला होता. प्रत्येकानं चिठ्ठी लिहून पेटीत टाकली.

बुधवारी सकाळी साडेआठला दुर्गानं दोघांनाही गोरखीतल्या खोलीत बोलावलं. साहेबही आले, कपाळाला आठ्या घालून. रस्त्यावर नव्या राज्याचे फटाके वाजत होते. विमल खिडकीशी उभी.

"अर्धा तास आहे तुमच्याकडे," साहेब म्हणाले.

"पुरे आहे." दुर्गानं खालच्या डब्यावर टिचकी मारली. "मारणाऱ्यानं काय फोडलं? पडदा. जिनं हा खेळ बनवला, तिला खेळ बुडवायचा असता तर तिनं हा डबा फोडला असता. तांब्याभर पाणी ओतलं असतं तरी काम झालं असतं. पडदा तोच फोडतो, ज्याला वाटतं की सगळं पडद्यातच राहतं. म्हणजे म्हातारा माणूस, मास्तरांच्या ओळखीचा, ज्याला ते स्वतः दार उघडतील."

"म्हणजे आमच्यापैकी एक," पांडुरंगराव म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

"तुम्ही देवळात नव्हता, काका."

पांडुरंगरावांनी मान खाली घातली. "मुलाचं नाव यादीत आहे. बस्तर. एका अफसराच्या बंगल्यावर अडीच तास पायरीवर बसलो होतो. आयुष्यभर लोकांना कायदा शिकवला मी, बाई. हे कसं सांगणार होतो?"

"अफसराच्या चपराश्यानं मला सांगितलं. साडेआठ ते अकरा." दुर्गानं पत्र्याची पेटी उघडली. "यात शनिवारच्या चिठ्ठ्या आहेत, आणि कालच्या. नकाशा तोच, बातमी तीच. पांडुरंगकाकांच्या दोन्ही चिठ्ठ्या शब्दाला शब्द सारख्या आहेत."

"विचार बदलायचं कारणच नव्हतं," पांडुरंगराव पुटपुटले.

"नव्हतंच. आता जयसिंहरावांची शनिवारची. 'भैरवगड: सर्व ठीक. नेहमीचा पहारा.' आणि कालची." तिनं सावकाश वाचलं. "'भैरवगडच्या उत्तर दिंडीवरचा पहारा आजच बदला. दिंडी दगडांनी चिणून घ्या. किल्लेदारानं स्वतः दारात उभं राहावं.'"

खाली फटाक्यांची माळ लागली आणि विझली.

"मला सुचलं," जयसिंहराव म्हणाले. "सावध सेनापतीला सुचतं."

"भैरवगडाला चार दारं आहेत. तुमच्या जासुदानं चारही ठीक सांगितली. मग उत्तरेचं छोटं दार, ती दिंडीच का?"

"अंदाज."

"विमल, सोमवारी काय झालं ते सांग."

विमलनं पडद्यावरचं उपरणं काढलं. "डाव पुसला गेला नव्हता. मशीनमध्ये वेळ लिहिलेली आहे. नऊ वाजून बारा मिनिटांनी चाळिसावा डाव पूर्ण झाला. भैरवगडचा दरवाजा आतून उघडला. कोणता उघडणार, ते मशीन फासा टाकून ठरवतं. उत्तर दिंडी निघाली."

"ही गोष्ट जगात दोनच जागी होती," दुर्गा म्हणाली. "या डब्यात आणि त्या फुटलेल्या पडद्यावर. तुमच्या नकाशावर ती पंधरा दिवसांनी आली असती. तुम्ही पूजेत नव्हता, राजे. तुम्ही इथं उभे होता. मुरारला हे दाखवणार, आणि त्याच दिवशी चौकाला नाव. तुम्ही उपरणं ओढून पडदा पाहिलात आणि मास्तरांना म्हणालात, बदला. ते म्हणाले, मी बदलत नाही. चिठ्ठी लिहीत नाहीत ते कोणासाठी. मग तुम्ही त्यांना ढकललंत."

जयसिंहरावांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"काल तुम्ही सुटू शकला असता," दुर्गा म्हणाली. "शनिवारचंच पुन्हा लिहायचं होतं. पण मी म्हटलं, डाव नव्यानं होणार. तुम्हाला मोह आवरला नाही. कैद होईल, हे परवडेल. खेळातलासुद्धा पूर्वज फितूर निघाला, हे परवडेना."

"तो फितूर नव्हता!" जयसिंहराव ओरडले. "त्या मास्तरड्यानं माझ्या घराण्याला कमी आकडा दिला! शंभर वेळा खेळ चालवला म्हणे, ऐंशी वेळा दरवाजा उघडला. माझ्या तोंडावर सांगितलं! मी ढकललं. मारायचं नव्हतं मला. तो पडला, आणि तो पडदा तसाच चमकत होता, लाल, उघडी दिंडी..."

"कमी आकडा?" विमल पुढे आली. तिचा आवाज तीन दिवसांत प्रथमच स्थिर होता. "राजेसाहेब, तुम्ही आकडा पाहिलात कधी?"

तिनं दोन कळा दाबल्या. पडद्यावर संभाजीराव किल्लेदाराचे चार आकडे आले.

"निष्ठा, दहापैकी नऊ. सगळ्या नकाशात याच्याहून जास्त कोणाचीच नाही. सरांनी दिलीय. आता शिधा बघा. शून्य. गडावर चारशे माणसं, त्यात बायका-पोरं. त्यानं चार वेळा धान्य मागितलं." तिनं पेटीतून जुन्या चिठ्ठ्या काढल्या आणि एकेक त्यांच्यासमोर ठेवली. छत्तिसावा डाव. सदतिसावा. अडतिसावा. एकोणचाळिसावा. चारही चिठ्ठ्यांवर जयसिंहरावांचं वळणदार अक्षर. *भैरवगडचा शिधा पुढच्या वेळी. घोडदळ आधी.*

"दरवाजा त्यानं उघडला," विमल म्हणाली. "उपाशी तुम्ही ठेवलंत."

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. नऊला पाच मिनिटं होती. खिशातला अटकेचा कागद काढून त्यांनी विमलचं नाव खोडलं.

इस्पितळातून निरोप दुपारी आला. मास्तरांनी डोळे उघडले होते आणि आधी पाणी मागितलं, मग विमलला बोलवा म्हणाले. विमल गेली. रायपूरची गाडी संध्याकाळची होती. निलंबन टळलं, बदली टळली नाही. त्या यादीवर कोणी फासासुद्धा टाकला नव्हता.

पण ते नंतर. नऊ वाजता, हवालदारानं दंडाला धरलं तेव्हा, जयसिंहराव अजून त्या चार चिठ्ठ्यांकडे बघत होते.

"पोरी," ते विमलला म्हणाले, "तो छत्तिसावा डाव परत लावता येतो काय? मी शिधा पाठवतो."

विमलनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि यंत्र बंद केलं.