राजचा हेडफोन

राजचा मावसभाऊ मयूर दुबईहून आला तो काजू-बदामांची पुडकी आणि एक चकचकीत खोकं घेऊन. पुडकी त्याने आत नेऊन ठेवली. खोकं मात्र हातात धरून तो ओसरीतच घुटमळत राहिला. ते राजने मागवलं होतं, आणि राजला जाऊन महिना होत आला होता. अशी वस्तू मग कुणाच्या हातात द्यायची, हे कुणी कुणाला शिकवत नाही. शेवटी त्याने ते किशोरच्या हातात कोंबलं, मावशीच्या पाया पडला आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

खोक्यात बिनवायरीचा हेडफोन होता. काळा, जाड गाद्यांचा, तोंडासमोर वळवून घ्यायचा माईक असलेला. खास गेम खेळणाऱ्यांसाठी केलेला.

राज हा किशोरचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर मखमलाबादचा शेवंतीचा मळा त्यानेच ओढला. पहाटे टेम्पोत फुलं भरून पंचवटीत न्यायची, दुपारी ताणून द्यायची आणि संध्याकाळी टीव्हीसमोर मांडी ठोकून गेमचा कन्सोल सुरू करायचा, हा त्याचा शिरस्ता. कन्सोल कॉलेज रोडच्या कुणाकडून जुना घेतलेला. घरात ब्रॉडबँड आल्यापासून मालेगावचा त्याचा दोस्त सोमा पलीकडून खेळायचा, आणि दोघांच्या आरोळ्या विहिरीपर्यंत ऐकू जायच्या. किशोर इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होता, तोही राजच्याच जिवावर. आणि एका पहाटे हायवेवर टेम्पो उभ्या ट्रकवर आदळला.

दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर ढीगभर कावळे, पण एक खाली उतरेल तर शपथ. रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन शब्द दिला. भिमाजीकाका म्हणाले, "राज, तुझ्या आईला आम्ही अंतर देनार नाय." आत्या म्हणाली, "किशोरचं लगीन आम्ही लावून देऊ, काळजी करू नको." कावळे माना वाकड्या करून बघत राहिले. ऊन चढलं. किशोरचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. सकाळपासून घाटावर इतके पिंड झाले होते, कावळ्यांची पोटं भरलेली असणार, एवढंच त्याला दिसत होतं. पण पायरीवर बसलेल्या आईचा चेहरा त्याला पाहवेना. तो पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "दादा, तुला काय लागेल ते माझ्यातलं घे. पण आता आईला मोकळं कर."

गुरुजींनी चमकून वर पाहिलं. "असं मोघम बोलू नये हो," ते हळूच म्हणाले. "काय देणार ते नीट सांगावं."

तोवर कावळा पिंडावर उतरला होता. मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि जो तो चपला शोधायला लागला.

किशोरची आई रंगूबाई मात्र मोकळी झाली नाही. तिने बोलणं टाकलं, मग जेवणही जवळजवळ टाकलं. ताटात भाकरी कुस्करायची आणि तशीच उठायची. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. किशोर वेळ देत होता आणि आई त्याच्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती. एक गेला, आता ही पण जाणार, या भीतीने त्याला पुस्तक उघडवत नव्हतं.

म्हणून मयूर गेल्यावर तिने खोक्याकडे पाहून तोंड उघडलं, तेव्हा त्याला भरूनच आलं.

"त्याची वस्तू हाय," ती म्हणाली. "जोड ती."

किशोरने दुसऱ्या दिवशी दुपारी ते काम काढलं. अवघड काहीच नव्हतं. सोबतचा बोटभर डोंगल कन्सोलच्या मागे खुपसला, हेडफोनचं बटण दाबून धरलं, दिवा निळा लुकलुकायला लागला. कन्सोलने त्याला शोधलं, ओळखलं, दिवा स्थिर झाला. शेवटी पडद्यावर माईकची चाचणी होती. आपण बोलायचं, आणि क्षणभराने तेच टीव्हीतून परत ऐकायचं.

"हॅलो," किशोर म्हणाला. "सहा, सात, साडेसात."

टीव्हीतून आवाज आला. "हॅलो. सहा, सात, साडेसात."

त्यातला प्रत्येक स शिटीसारखा वाजला होता. राजचा समोरचा दात लहानपणी विटी लागून अर्धा तुटला होता. त्याचा स नेहमी बारीक शीळ घालत यायचा. किशोरचे दात शाबूत होते.

त्याने जिभेने ते चाचपून पाहिलेसुद्धा. मग स्वतःलाच समजावलं. सख्ख्या भावांचे आवाज सारखेच असतात, फोनवर आत्याची नेहमी गफलत व्हायची. आणि बारका माईक स, श नीट पकडत नाही, हे तर त्यांना वर्गात शिकवलं होतं. त्याने पुन्हा म्हटलं, "साखर." टीव्हीतून शीळ घालत साखर आली.

मागे पातेलं पडल्याचा आवाज झाला. रंगूबाई पिठाचे हात घेऊन दारात उभी होती.

"परत बोल," ती म्हणाली.

काय बोलणार? शेवंतीला पाणी सोडलंय, खालच्या वाफ्यात मावा पडलाय, असलं काहीबाही तो बोलत गेला, आणि टीव्हीतून राज आईला मळ्याची खबर देत गेला. ती भिंतीला टेकून ऐकत बसली. त्या दिवशी तिने अख्खी भाकरी खाल्ली, वर ठेचाही मागून घेतला.

मग ते रोजचंच झालं. शास्त्र शास्त्राच्या ठिकाणी आणि आई आईच्या ठिकाणी, असं किशोरने मनाशी ठरवून टाकलं. दुपारी हेडफोन चढवायचा, चाचणी लावायची आणि बोलायचं. रंगूबाई फुलं निवडता निवडता ऐकायची, मधूनच हसायची. अंगावर मांस दिसायला लागलं. खुरपणीच्या बायांशी तिने कडाक्याचं भांडण केलं, तेव्हा तर किशोरला पेढे वाटावेसे वाटले.

एका संध्याकाळी, देवापाशी दिवा लागला असताना, टीव्हीवर सोमाचं नाव उमटलं. किशोरने हेडफोन कानाला लावला.

"कोन शे?" सोमाचा आवाज दबका होता. "कोन खेळी ऱ्हायना राज्याना नाववर?"

"सोमादादा, मी किशोर."

पलीकडे यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येत होता.

"राज्या?" सोमा म्हणाला. त्याने स्वतः राजला खांदा दिला होता. "राज्या, तुना मांगे कोन बोली ऱ्हायना?"

"मागे कुणी नाही. मी एकटाच आहे. मी किशोर बोलतोय."

"हां, तोच," सोमा म्हणाला. "तोच सांगी ऱ्हायना, मी किशोर, मी किशोर. लय लांबून. रडी ऱ्हायना तो."

लाइन तुटली. त्यानंतर सोमाचं नाव पुन्हा कधी उमटलं नाही.

त्याच आठवड्यात किशोरचा घसा बसला. आधी खरखर, मग कुजबुज. दवाखान्यात नळी घालून पाहिलं; घसा स्वच्छ होता. पंचवटीत हार करणाऱ्या वत्सलाबाईंना तो फुलांचा भाव सांगायला लागला, तर त्या वैतागून म्हणाल्या, "अहो भाऊ, नुसतं तोंड काय हलवता? बोला की!" तो बोलतच होता. शेवटी त्याने बोटांनी भाव दाखवला.

हेडफोन चढवला की मात्र टीव्हीतून आवाज ठणठणीत यायचा. कधीकधी किशोर थांबल्यावरही एखादं वाक्य जास्तीचं यायचं. "आई, चहा टाक गं," असं एकदा आलं. ते किशोर म्हणालाच नव्हता. रंगूबाईने चहा टाकला.

किशोर घाबरला. आईसाठी घसा गेला असता तरी त्याने हूं की चूं केलं नसतं, पण आपण नेमकं काय देऊन बसतोय हेच त्याला कळत नव्हतं. एका सकाळी त्याने कन्सोलमधून हेडफोनची नोंद पुसली, डोंगल उपटून खिशात घातला आणि हेडफोन खोक्यात घालून कपाटात वरच्या फळीवर ढकलला. आई आकांत करेल, या भीतीने तो अर्धमेला झाला होता. रंगूबाई शांतपणे बघत होती.

"असू दे," ती म्हणाली. "आता काय गरज नाय त्याची."

तो फुलं घेऊन बाजारात गेला. दुपारी परत आला, तर आतून आईचं बोलणं ऐकू येत होतं.

ती टीव्हीसमोर चटईवर बसली होती. टीव्ही बंद होता. हेडफोन तिच्या डोक्यावर होता, माईक पदराआड. किशोरने खिसा चाचपला. डोंगल खिशातच होता.

"जेवला का?" ती विचारत होती. मग ऐकत राहिली. "थंडी वाजती? वाजनारच रे बाळा, कुंडाच्या पाण्याकाठी हायस."

पुन्हा ऐकत राहिली.

"रडू नको. मी हाय ना. रोज बोलत जाईन तुझ्याशी, किशोरा."

"आई!" तो ओरडला.

कित्येक दिवसांनी त्याचा आवाज फुटला होता. भरदार, मोकळा, ओसरीपर्यंत घुमणारा.

रंगूबाईने वळून पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

"आलास व्हय, राज?" ती म्हणाली. "हातपाय धू, भाकरी टाकते."

तिने हेडफोन उतरवला, पदराने त्याच्या गाद्या पुसल्या आणि त्याच्यापुढे धरला.

"पन आधी दोन शब्द बोल त्याच्याशी. एकटा हाय पोर तिथं."