अकरा मेणबत्त्या

हसू नकोस, ज्युलियाना. तुझा डॅडी बर्थडेच्या केकवरच्या मेणबत्त्या फुंकत नाही, यात हसण्यासारखं काही नाही. तो आत झोपलाय, म्हणून आज मी सांगतो. संजीव, तूही बस. आणि बाहेरचा लाइट चालूच राहू दे.

तारीख पक्की लक्षात आहे. दोन नोव्हेंबर १९७८, गुरुवार. दहा वर्षं झाली. तेव्हा तुझा डॅडी, फॅबियन, इथेच ऑस्ट्रेलियात, ग्लेन वेव्हर्लीत, एका जर्मन म्हाताऱ्याच्या घरी मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. तुझी आई लुर्डस आणि तू वसईला. तू सहा महिन्यांची, बापाने तुला फक्त फोटोत पाहिलेलं. तुम्हाला इकडे आणायचं तर घरमालकाने लिहून द्यायला हवं होतं, की बायको-मुलीला राहायला जागा आहे. कागद इमिग्रेशनच्या ऑफिसात द्यायचा शेवटचा दिवस शुक्रवार. आणि म्हातारा महिनाभर नुसता ‘उद्या सही करतो’ म्हणत होता.

म्हातारा म्हणजे मेजर हार्टविग. युद्धातला फायटर पायलट. एकोणचाळीस विमानं पाडली, गळ्यात घालायचं पदक मिळालं, अठ्ठाविसाव्या वर्षी तुकडीचा कमांडर झाला. हे सगळं फॅबियनला रोज रात्री ऐकावं लागायचं. शिफ्टवरून दमून आलेल्या माणसाला तो हॉलमध्ये उभा करायचा, बस म्हणायचा नाही, आणि उड्डाणांची वही उघडायचा. नाव, उडाल्याची वेळ, उतरल्याची वेळ. शेवटच्या पानावर बारा नावं, तारीख २ नोव्हेंबर १९४४. सगळ्यात वर त्याचं स्वतःचं, उतरला संध्याकाळी पाच दहाला. खालच्या अकरा जणांचा उतरण्याचा रकाना कोरा. त्या पोरांचा फोटो भिंतीवर होता. एकोणीस-वीस वर्षांची पोरं. फॅबियनने एकदा विचारलं, यांचं काय झालं?

“खराब हवामान,” म्हातारा म्हणाला आणि वही मिटली.

खोटारडा. त्याचं नाव घेतलं तरी माझं डोकं फिरतं अजून.

तर त्या गुरुवारी फॅबियन कामावर जायच्या आधी मेणबत्त्या घ्यायला गेला. दोन नोव्हेंबर म्हणजे आपला मृतांचा दिवस. वसईला असता तर आईबापाच्या कबरीवर लावल्या असत्या. इथे कबर कुठली आणायची? दुकानात डझनाचं पाकीट मिळालं. एक त्याने खोलीत लावली, आईबापासाठी. अकरा उरल्या. मग त्याला फोटोतली पोरं आठवली. तीही कुणाची तरी लेकरं, त्यांच्यासाठी मेणबत्ती लावणारं कोण आहे? असा भोळा माणूस आहे तुझा डॅडी.

रात्री सव्वाअकराला, शिफ्ट संपल्यावर, त्याने त्या ड्राइव्हवेवर लावल्या. गवतावर नीट उभ्या राहत नव्हत्या, म्हणून सिमेंटच्या दोन्ही कडांना. या बाजूला सहा, त्या बाजूला पाच. गेटपासून गॅरेजपर्यंत, सरळ दोन रांगा. वारा अजिबात नव्हता. गुडघ्यावर बसून त्याने प्रार्थना म्हटली.

साडेअकराला आवाज आला. आधी त्याला वाटलं, हायवेवर ट्रक असेल. पण आवाज वरून येत होता. घराभोवती फिरत होता. एक इंजिन... मग दुसरं... मग त्याला मोजता येईना.

आकाश स्वच्छ होतं. चांदण्या होत्या. बाकी काहीच नव्हतं.

दार धाडकन उघडलं. म्हातारा. अंगात पायजमा, पाय अनवाणी. त्याने त्या दोन रांगा पाहिल्या, आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

“विझव! दिवे विझव!”

“मेजर, या फक्त मेणबत्त्या आहेत...”

“धावपट्टी केलीस तू! उतरतील ते!” त्याने फॅबियनची कॉलर धरली. “शत्रूची विमानं त्यांच्या मागे होती. दिवे ठेवले असते तर मी मेलो असतो. मी उतरलो होतो. मी आधीच उतरलो होतो! मग धावपट्टीचे दिवे बंद करायला सांगितले... बरोबर केलं मी!”

वर आवाज घरघरत होता. खोकत होता. पेट्रोल संपत आल्यासारखा.

“विझव सगळ्या. आत्ता सही करतो. नाहीतर तुझी बायको कधीच येणार नाही, मी बघतो.”

फॅबियन वाकला. पहिल्या मेणबत्तीजवळ. खोटं कशाला सांगू, त्याने गालात हवा भरली होती. डोळ्यांसमोर तू होतीस, फोटोतली.

वर... अगदी डोक्यावर... एक इंजिन बंद पडलं.

आणि कुणीतरी हाक मारली. पोरगेलासा आवाज. भाषा कळली नाही. पण आईला मारलेली हाक कुठल्याही भाषेत कळते.

फॅबियनने तोंड मिटलं. मागे सरकला.

“नाही,” म्हणाला.

म्हातारा स्वतः धावला. पहिल्या मेणबत्तीपर्यंत पोचलाही.

मग एक थंड झोत आला, गेटकडून. ज्योती आडव्या झाल्या. एकही विझली नाही. पुन्हा झोत... पुन्हा... फॅबियनने डोळे घट्ट मिटले होते. तो मोजत होता.

अकरा.

मग शांत.

डोळे उघडले तेव्हा म्हातारा सिमेंटवर पडला होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल. कागदावर सही झालीच नाही. तू आणि लुर्डस दीड वर्षाने आलात, आणि तू बापाला पाहून किंचाळून रडलीस, कारण तू त्याला ओळखतच नव्हतीस. ते त्याला अजून लागतं. पण त्या रात्रीबद्दल पस्तावा नाही म्हणतो.

पहाटे पोलीस आले, तेव्हा फॅबियनने मला फोन करून बोलावलं; इथे त्याच्या ओळखीचा मीच एक होतो. हॉलमधल्या टेबलावर वही उघडी होती. पोलिसाने विचारलं, “हे काय आहे, मेट?” मी वाकून पाहिलं. याच डोळ्यांनी पाहिलंय.

तेच पान. अकरा नावांपुढे उतरल्याची वेळ लिहिलेली. शाई जुनी, पिवळी पडलेली, बाकीच्या पानासारखीच.

आणि सगळ्यात वर, मेजर हार्टविगच्या नावापुढे... पाच दहा नव्हतं. खोडलेलं नाही, खरवडलेलं नाही. तो रकाना कोरा होता.