चोविसावी चौकट

फोटो स्टुडिओत अडतीस वर्षं ताईने एकच काम केलं. लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची. आधी बारीक ब्रशने, पुढे कॉम्प्युटरवर. आपल्यामुळे किती जणांची लग्नं जमली याचा हिशेब कुणी ठेवला नाही, अशी तिची लटकी तक्रार असायची. तीळ मात्र ती कधी पुसत नसे. तीळ ही माणसाची सही आहे, ती आपण खोडायची नाही, एवढं तिचं पक्कं होतं.

तर अशा या बाईच्या धाकट्या भावालाच चेहरे दिसेनासे झाले. म्हणजे नजर शाबूत होती. मेंदूत रक्ताची गुठळी झाली, त्यातून तो उठला, हिंडूफिरू लागला. पण समोरच्याचं नाक, मिशी, चष्मा सगळं दिसूनही ते नाक कुणाचं हे त्याला कळेना. डोळे मिटून आरामखुर्चीत पडला की तो पूर्वीसारखा बोलायचा. "ताई, चहात साखर घालायला विसरलीस." डोळे उघडले की अंग चोरून बसायचा.

"अहो बाई, आवाज अगदी आमच्या ताईसारखा काढता तुम्ही," तो म्हणायचा.

त्या 'अहो'ने ताईच्या काळजात चर्र व्हायचं. घरात दोघंच उरली होती. एकदा, फक्त एकदा, त्याने उघड्या डोळ्यांनी आपल्याला 'ताई' म्हणावं, यापलीकडे तिला काही नको होतं.

दर गुरुवारी त्याचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या उपचारवाल्या बाईंनी तोडगा सुचवला. लहान मुलांचा तो चेहरे ओळखायचा खेळ असतो ना, उभ्या चौकटींचा? त्यात घरचे फोटो घाला. प्रत्येकाने त्याच चेहऱ्यांपैकी एकाचं कार्ड लपवून धरायचं, समोरच्याने हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे, आणि न जुळणारे चेहरे आडवे पाडत जायचे.

ताईला काम मिळालं. काका, माम्या, भाचरं, असलेले, गेलेले, आणि ती दोघं, असे मोजून तेवीस चेहरे झाले. चौकटी चोवीस. रिकामी जागा काही तिला बघवेना. मग तिने वडिलांचं कपाळ घेतलं, मामीच्या भुवया, आत्याची हनुवटी, डोळे स्वतःचे, आणि एक साठीची बाई तयार केली. कोण म्हणाल, तर कुणीच नाही. जागा भरायला केलेली.

दुपारच्या चहानंतर डाव मांडला जाऊ लागला. मिशी म्हणजे काका, जाड भिंग म्हणजे मामा, असं घोकत भाऊ शिकत होता. चौथ्या दिवशी त्याचं बोट चोविसाव्या चौकटीवर थांबलं. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"हिला मी ओळखतो."

"कोण आहे?"

"खेळात असं सांगत नाहीत. तुम्ही विचारा, मी हो-नाही म्हणेन."

त्यानंतर रोज त्याच्या हाती तेच कार्ड येऊ लागलं. ताईला गंमत वाटली, मग कुतूहल. तिने कार्डं पिसली, त्यालाच उचलायला लावली, तरी तेच. शेवटी ते कार्ड तिने गुपचूप शिवणाच्या डब्यात टाकलं. त्या दिवशीही त्याची सगळी उत्तरं चोविसाव्या बाईचीच आली. डाव संपल्यावर तिने त्याचं कार्ड उलटून पाहिलं, तर त्यावर मिशीवाले काका.

"मिशी नाही म्हणालास की."

"खेळात मी खोटं बोलत नाही," तो जरा दुखावून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला पकडायचं ठरवलं. फोटोत जे नाहीच, तेच विचारायचं.

"तिच्या अंगावर काही खूण आहे?"

"हो."

"हनुवटीवर?"

"नाही."

"मानेवर?"

"हो. डाव्या कानाखाली. तीळ."

ताईने डब्यातलं कार्ड काढून भिंगाखाली धरलं. फोटोच्या अगदी कडेला, डाव्या कानाखाली, मोहरीएवढा तीळ होता. तिने कॉम्प्युटर उघडला. मूळ फोटोत तिथे नुसती कातडी होती. छपाईचा ठिपका असेल म्हणून तिने नखाने खरवडून पाहिलं. तो निघाला नाही.

बुधवारी दोघांनी कार्डं उचलली. ताईच्या हाती तिचा स्वतःचाच फोटो आला होता. तिने तो छातीशी धरला आणि एकापाठोपाठ विचारत सुटली.

"ती या घरात राहते?"

"हो."

"तुझी बहीण आहे?"

"हो."

"मग मी कोण?"

"असा प्रश्न चालत नाही. हो किंवा नाही येईल असं विचारा."

"मला ओळखतोस?"

"नाही. झालं तुमचं? आता माझी पाळी."

बाई आहे का? हो. चष्मा आहे का? नाही. डोळे ताईसारखे आहेत का? हो. फटाफट चौकटी पडत गेल्या. दोनच उभ्या राहिल्या. एक ताई, आणि शेजारी ती.

"कानाखाली तीळ आहे?" त्याने विचारलं.

ताईच्या फोटोत नव्हता. तिच्या मानेवरही नव्हता.

नाही म्हटलं की तो त्या बाईला पाडणार. साऱ्या जगात त्याला ओळखू येणारा तेवढा एकच चेहरा. तो आशेने बघत होता.

"हो," ताई म्हणाली.

त्याने ताईची चौकट बोटाने पाडली. खट्.

मग मान वर केली. डोळे सताड उघडे.

"ताई," तो म्हणाला. "कधी आलीस गं?"

तिने त्याचं डोकं कुशीत घेतलं आणि पोटभर रडली. इतकी सुखी ती कित्येक वर्षांत नव्हती. डोळे पुसता पुसता हात डाव्या कानाखाली गेला, तिथे बोटाला काहीतरी बारीक लागलं. तिने हात खाली घेतला.

गुरुवारी उपचारवाल्या बाई आल्या. भाऊ 'ताई, ताई' करत तिच्या मागेपुढे होता. बाईंना कौतुक वाटलं. त्यांनी चौकटी एकेक उभ्या केल्या आणि एका फोटोवर थांबल्या. स्टुडिओच्या पायरीवर काढलेला, ताईचा स्वतःचा फोटो.

"या कोण हो, ताई? यांना मी कधी पाहिलं नाही."

ताईने वाकून नीट पाहिलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "जागा भरायला केलेली."