ताईसाठी घेतलेल्या कादंबऱ्या

मे महिन्यातली दुपार. सदर बाजाराच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुस्तकांच्या दुकानात लतिका कूलरपुढे बसली होती, मांडीवर कादंबरी उघडी... भोसल्यांच्या फौजेतल्या शिलेदाराने अत्तरवाल्याच्या मुलीचा हात नुकताच हातात घेतला होता – आणि नेमकं तेव्हाच दार ढकलून कोणीतरी आत आलं.

तिने पटकन पुस्तक काउंटरखाली सरकवलं.

आलेल्याने तोंडावरचा दुपट्टा सोडला. उंच, रुंद खांद्यांचा, सावळा. कानामागे कोळशाचा एक डाग धुवायचा राहून गेलेला.

"जुन्या काळातलं काही आहे काय? म्हणजे इतिहास... पण त्यात थोडं..."

"थोडं काय?"

"थोडं प्रेम-बिम," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "माझ्यासाठी नाही जी! ताईसाठी. ताईले गजब आवड आहे."

लतिकाला हसू आवरेना. तिने काउंटरखालचंच पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं. "हे द्या ताईंना. आणि रात्री सुरू करू नका म्हणावं, झोप येणार नाही."

त्याचं नाव प्रीतम मेश्राम. उमरेडजवळच्या कोळसा खाणीत सुपरवायझर होता. मग दर सुट्टीला तो एसटीने यायचा. आधीचं पुस्तक कसं वाटलं ते सांगायचा, नवं न्यायचा.

"ताई विचारून राहिली होती," एकदा तो म्हणाला, "नदी गावाच्या खालच्या अंगाले आहे. मंग तो शिलेदार घोडा पाण्यावर न्यायले वरच्या आळीतून काहून जाते?"

"वरच्या आळीत अत्तरवाल्याचं घर आहे ना! एवढंही कळलं नाही ताईंना?"

"कळलं... पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ताईले."

लतिकाने मान वळवली आणि उगाच कपाटातली पुस्तकं सरळ करू लागली.

"आणि हिरोइन कशी वाटली ताईंना?"

"तिच्या डोळ्याचं जे वर्णन आहे नं, ते दोनदा वाचलं मी– तिनं!" त्याने जीभ चावली.

'ताई' कोण ते लतिकाला केव्हाच उमगलं होतं. एवढा धिप्पाड माणूस इतक्या हळव्या गोष्टी इतक्या मन लावून वाचतो, याचं तिला फार गोड वाटायचं. एखादी चांगली कादंबरी आली की ती आधी त्याच्यासाठी बाजूला ठेवायची.

पण तिला स्वतःलाही हेच आवडतं, हे दुकानात कोणालाच ठाऊक नव्हतं. दुकानाच्या माळ्यावर दर रविवारी वाचक मंडळ जमायचं. तिथे शामलाताई असायच्या. कॉलेजात त्यांनीच लतिकाला मराठी शिकवलं होतं. लतिका समीक्षेची जाडजूड पुस्तकंच वाचते, अशी त्यांची समजूत होती. आणि लतिका ती समजूत जपत आली होती.

एका रविवारी प्रीतमसाठी ठेवलेला गठ्ठा शामलाताईंच्या नजरेस पडला. त्यांनी वरचं पुस्तक दोन बोटांनी उचललं.

"चांदणी रात्र, मोगरा, उसासे... हे असलं कोण वाचतं गं? तू तर नाही ना, लतिका?"

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. तिचे कान तापले. एक 'हो' म्हणायचं होतं फक्त... पण ती हसली.

"मी कशाला वाचू! खाणीतला एक सुपरवायझर येतो. हा एवढा पहिलवान गडी, आणि नायिकेच्या डोळ्यांचं वर्णन दोन-दोनदा वाचतो. वर म्हणतो, ताईसाठी!"

माळ्यावर हशा पिकला. हसता हसताच लतिकाची नजर जिन्याकडे गेली.

प्रीतम वरच्या पायरीवर उभा होता. त्याने हातातलं पुस्तक हळूच टेबलाच्या कडेला ठेवलं आणि कोणाकडेही न बघता तो खाली उतरून गेला.

ती त्याच्यामागे धावली नाही. तेच तिला नंतर जास्त टोचत राहिलं. ती तशीच बसून राहिली, हसणाऱ्यांमध्ये. चहा आला, तोही तिने घेतला.

त्याची पुढची सुट्टी आली आणि गेली. दुकानाचं दार उघडलं की ती मान वर करून बघायची, पण तो आला नाही. शेवटी तिने त्याने बिलावर दिलेला नंबर फिरवला. फोन एका बाईने उचलला.

"प्रीतम ड्युटीवर आहे, फोन घरीच आहे. मी माया, त्याची मोठी बहीण."

म्हणजे ताई होती तर!

"मी पुस्तकांच्या दुकानातून बोलतेय. तुम्हाला... कादंबऱ्या आवडतात?"

"आवडतात नं. पण मी वाचाले घेतलं का माझे डोळे मिटतेत. मी भाकरी थापत राहते आन् तोच वाचून दाखवते. पण मागं रविवारी तिकडून आला तवापासून पुस्तकाले हात नाही लावला त्यानं. काहून वं बाई, काय झालं?"

मायाला कळवून शुक्रवारी लतिका उमरेडच्या एसटीत बसली. मायाने सांगितलं असावं, प्रीतम स्टँडवर उभा होता. कडुलिंबाखाली दोघं थांबली. तिला मान वर करवेना.

"माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला," ती म्हणाली. "ती पुस्तकं मीही वाचते. सगळी. शामलाताईंसमोर ते सांगायची लाज वाटली... म्हणून तुम्हाला पुढे केलं."

तो कडुलिंबाची एक काडी मोडत राहिला.

"होस्टेलमधे पोरं माझं पुस्तक हिसकून मेसमधे मोठ्यानं वाचत आन् हसत. सवय आहे मले. मले हसल्या, चालते. पण त्या पुस्तकाले काहून हसल्या तुम्ही? तुम्हीच तं दिलं होतं माझ्या हातात."

परतीची गाडी लागली तेव्हा त्याने खिडकीतून पाण्याची थंडगार बाटली दिली. "ऊन आहे," एवढंच म्हणाला. ती बाटली घेताना लतिकाला रडू कोसळलं.

रविवारी मंडळात पुस्तक सुचवायची पाळी तिची होती. ठरलेला समीक्षेचा ग्रंथ तिने बाजूला ठेवला आणि शिलेदाराची कादंबरी उचलली.

"हे... हे पुस्तक माझं फार आवडतं आहे. मागे मी तुमच्यासमोर खोटं बोलले. हसायचं असेल तर मला हसा."

कोणीतरी फिस्सकन हसलंच. पण ती बोलत राहिली. वरच्या आळीतून जाणाऱ्या घोड्याबद्दल... लढाईनंतर जखमींच्या रांगांमधून एकेका माणसाचा चेहरा बघत फिरणाऱ्या त्या मुलीबद्दल... "राजेरजवाड्यांच्या इतिहासात या मुलीला कोणी विचारलं नसतं," ती म्हणाली. "इथे ती भेटते. म्हणून वाचा."

शामलाताईंनी चष्मा नाकावर ओढला.

"भाषा तरी बरी आहे का?"

"एक नंबर आहे जी!"

आवाज जिन्यातून आला होता. प्रीतम मानेपर्यंत लाल झाला होता, पण हलला नाही. "मी प्रीतम मेश्राम. खाणीत सुपरवायझर आहो. ताई ऐकते, पण पुस्तकं मी माझ्यासाठीच नेतो. ते वर्णनही मीच वाचलं. दोनदा नाही, लय वेळा."

सगळे हसले. त्यात शामलाताईही होत्या. त्यांनी हात पुढे केला. "दे बघू इकडे ते पुस्तक."

दोघं खाली आली तेव्हा सदरची दुकानं उजळू लागली होती. दोघंही एकमेकांकडे बघायला लाजत होती.

"अजून रागावलेले आहात का?" तिने विचारलं.

"आहो थोडा." तो हसला. "पुस्तकं तं मोबाइलवरही मागवता येतात. उमरेडवरून इतक्या उन्हात मी काहून येत होतो, ते नाही विचारत?"

"काहून येत होता?"

"तुम्ही आवडता मले!"

घाबरून बोलल्यामुळे ते भलतंच मोठ्याने निघालं. पानठेल्यावरची माणसं वळून बघू लागली. लतिकाचा चेहरा लाजेने पेटला... पण यावेळी तिने मान खाली घातली नाही.

"मलाही," ती म्हणाली.

"काय?"

"मलाही तुम्ही आवडता!" तिनेही सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आणि पानठेल्यावरचे सगळे बघत असतानाच तिने त्याचा हात हातात घेतला.