मक्यावर मका

गिरणीचा एक कायदा असतो, आणि तो कुठल्या सरकारनं केलेला नसतो. ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू, मक्यावर मका. आधीचं दळण ज्या धान्याचं, त्याच धान्याचं तुमचं असेल तर नंबर तुमचा. नाहीतर बसा पट्ट्याचा फटफटाट ऐकत. दोन हजार चार सालच्या माघात निरगुडसरच्या गिरणीत इंद्रायणीचा नंबर असाच झटक्यात लागला. पोरगी खुशीत डबा घेऊन पुढं झाली... आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र मक्याचं पहिलं पसाभर पीठ पिवळं पडलं.

"आधीचा मका कुणाचा?" तिनं विचारलं.

कोपऱ्यातल्या पोत्यावरून एक चष्मेवाला उठला. मका भरडून न्यायला आला होता. इंद्रायणीनं त्याच्याकडं न बघता चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं.

"पाणचट. उसाच्या रानातला हाय. पाणी लई पाजलंय त्याला."

तो हसणार होता, पण हसू ओठांवरच राहिलं. मका खरोखरच कॅनॉलकाठच्या उसाच्या रानातला होता! त्यानं आपलं नाव सांगितलं... ऋषी, अवसरी खुर्दचा. मंचरजवळच्या एका लहानशा डिस्टिलरीत केमिस्ट.

"नाव ऋषी, आणि धंदा दारूचा?"

"आणि तुमचं?"

"इंद्रायणी."

"नदी की तांदूळ?"

"तांदूळ माझ्या मागून आला. शाळेचा दाखला दाखवू?"

दाखला नको म्हणाला. पण गिरणी बंद व्हायची वेळ झाली तरी गडी हलला नाही. त्याच्या मालकाला अमेरिकेतल्या बर्बनसारखी दारू करायची होती. त्यात निम्म्याहून जास्त मका लागतो, आणि ती आतून जाळलेल्या ओकच्या लाकडी पिंपात मुरवत ठेवतात. मालक म्हणायचे, मका म्हणजे मका, चव काय ती पिंप देतं. ऋषीला ते पटत नव्हतं. धान्य ज्या मातीतलं, तिची चव शेवटच्या थेंबापर्यंत उतरते असं त्याचं म्हणणं, पण ते सिद्ध कसं करायचं? आणि इथं ही बाई चिमूटभर पिठावरून रान सांगत होती.

आठ दिवसांत तो हौशीरामांच्या, म्हणजे इंद्रायणीच्या वडलांच्या, ओसरीवर हजर झाला. पांढरा मका हवा होता, पोतंभर. ते वाण इंद्रायणीच्या आईचं. चिमाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरचं बी ओटीत घेऊन आल्या होत्या, आणि नदीकाठच्या मळईत ते असं रुजलं की गावात दुसऱ्या कुणाकडं तशी भाकरी होत नव्हती. पण आताशा त्याला गिऱ्हाईक नव्हतं. यंदा शेवटचं, पुढच्या साली तिथंही ऊस, असं हौशीरामांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून पोतं विकलं गेलं तेव्हा चिमाबाईंचे डोळे भरून आले. इंद्रायणीनं पोत्यावर एक सालीसकट कणीस ठेवलं.

"हे कशाला?" ऋषीनं विचारलं.

"वाण वळखून ठेवा. पुन्हा पाणचट आणाल."

त्यानं कणीस घेतलं... आणि घेताना बोटांना बोटं लागली. लागली म्हणजे काय, लागलीच! दिवसभर इंद्रायणीचा हात कामाला लागेना.

मृगाच्या सुमाराला ऋषीनं मालकाकडून एक परीक्षा मंजूर करून आणली. मळईच्या एकाच मातीत पांढरा मका आणि कंपनीचा पिवळा, दोन्ही पेरायचे आणि तोलून बघायचे. चिमाबाईंनी हरखून घरातला दाणा न् दाणा काढून दिला. इंद्रायणी तेव्हा जुन्नरला, बहिणीच्या बाळंतपणाला. दोन महिन्यांनी परतली ती थेट मळईत गेली, आणि बांधावरच थबकली. बांधाच्या अलीकडं पांढरा, पलीकडं पिवळा, एकाच दिवशी पेरलेले, एकाच दिवशी तुऱ्यावर आलेले. वारं पलीकडून अलीकडं, पिवळ्याच्या तुऱ्यांचा पराग घेऊन.

शिकलेला माणूस! मालकाला माती समजावून सांगणारा हा शहाणा वाऱ्याला विसरला होता.

कणसं भरली तेव्हा पांढऱ्यात पिवळे दाणे, जणू कुणी मुद्दाम खोचलेले. गावात म्हणायला म्हण तयारच होती, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. चिमाबाई एवढंच बोलल्या, "हितं तर वाणच गेलं." इंद्रायणीनं ऋषीला बांधावर गाठलं आणि विचारलं, वारं अडवायला बांध पुरतो व्हय? त्यानं तोंड उघडलं, पण ती ऐकायला थांबली नाही. गिरणीवाल्याबरोबर त्यानं दोन निरोप धाडले. दोन्ही कोरडेच परत गेले. रडली ती घरी येऊन, आणि वाणासाठी जेवढी रडली तेवढीच त्याच्यासाठी, हे तिलाही कळत होतं.

दिवाळी झाल्यावर मालकांनीच बोलावणं धाडलं. पहिल्या पोत्याची दारू लहान पिंपात नऊ महिने मुरली होती, आणि पिठावरून रान सांगणारी पोरगी त्यांना बघायची होती. हौशीराम म्हणाले, आमच्यात थेंब घेत नाहीत. इंद्रायणी म्हणाली, नाकाला कुठं बंदी हाय?

डिस्टिलरीत बापलेकीसमोर टेबलावर तीन पेले. खाली उलट्या चिठ्ठ्या. ऋषी खिडकीशी, खाली मान घालून.

पहिला पेला तिनं हुंगला आणि लगेच ठेवला. पाणचट. दुसऱ्यात नुसतं लाकूड, धान्य कुठं शोधावं? तिसरा नाकाशी नेला आणि... तिथंच धरून ठेवला. तव्यावर टम्म फुगलेली आईची भाकरी. निखाऱ्यावरचं कणीस. पूर ओसरल्यावरची मळई. सगळं होतं त्यात.

"ही आमची," ती म्हणाली. मान ताठ होती.

मालकांनी चिठ्ठी उलटली. निरगुडसर, पांढरा. मग म्हणाले, चुकलो मी, दरसाल हाच मका घेणार. बर्बन हे नाव तर अमेरिकेचं, ते आपल्याला लावता येत नाही, तेव्हा बाटलीवर काय लिहावं?

"गावाचं नाव लिवा की," हौशीराम मिशीवरून हात फिरवत म्हणाले. थेंब न घेणारा माणूस, पण छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी ताणली.

आता गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? पण इंद्रायणीला ते जमणारं नव्हतं. तिनं सांगून टाकलं, की ते वाण आता उरलेलं नाही, भेसळीचं झालंय, आणि ते पांढरं म्हणून ती विकणार नाही. घरात चांगला एक दाणाही शिल्लक नाही.

ऋषीनं झटकन वर बघितलं. "एकही? मला वाटलं घरात बी राखलं असेल..." मग मालकांकडं वळून तो म्हणाला की चूक यांची नव्हे, माझी आहे, आणि तडक बाहेर, आपल्या टेबलाकडं गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक कणीस होतं. सालीसकट. सालीला दोरा बांधलेला.

इंद्रायणीनं ते ओळखलं.

"सोललं न्हाई?"

"हात धजला नाही."

"का?"

"दिलं होतंस तू..." 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

तिनं साल थोडी मागं सारली. मोत्यासारखे पांढरे दाणे, सगळे. उसाच्या मधोमध लावायचे, चहूबाजूंनी उसाची भिंत, वारं येतंय कुठून! हौशीरामांचा ऊसही असा कामी येणार होता.

"कणीस मी नेणार. मग तुझ्या टेबलावर काय राहील?"

"देणारी आली तर... कणसाचं काय एवढं?"

हौशीराम खाकरले. मालकांना पिंपं दाखवा म्हणाले, आणि त्यांना घेऊन बाहेर गेले. काय समजायचं ते म्हातारा समजला होता.

दीड वर्षानं लग्न होऊन अवसरीला निघताना चिमाबाईंनी लेकीची ओटी भरली. तांदळाचं सूप पुढं आलं तसं त्यांनी ते बाजूला सारलं आणि ओंजळभर पांढरा मका तिच्या पदरात घातला. बायका कुजबुजल्या, अगं, ओटीत मका?

"इंद्रायणीला तांदूळ कशाला?" चिमाबाई म्हणाल्या. "माझं वाण मी माझ्या ओटीत आणलं व्हतं. आता ते तिच्या ओटीत चाललंय."